तलफेचे चित्र

व्यसनावरच्या व्याख्यानात हल्ली एक स्लाइड हमखास असते. काळ्या पार्श्वभूमीवर मेंदूचे दोन आडवे छेद शेजारी शेजारी. एकाच्या मध्यभागी लाल-पिवळा झगझगीत पट्टा, दुसऱ्यात तोच पट्टा विझत आल्यासारखा, हिरवट-निळा. पहिल्याखाली ‘निरोगी’ असे लिहिलेले, दुसऱ्याखाली ‘व्यसनी’. व्याख्याता अर्ध्या मिनिटात पुढे जातो आणि श्रोते आपापला अर्थ काढून मोकळे होतात. ज्यांच्या घरात कुणी पिणारे आहे त्यांना वाटते, म्हणजे हा आजार आहे तर. पोराला उगाच बोल लावला. मागच्या रांगेतल्याला वाटते, मेंदूच नासलाय म्हटल्यावर आता पैसे घालून काय उपयोग? दिलासा आणि निराशा एकाच चित्रातून निघतात, आणि गंमत अशी की त्या चित्रात यांपैकी काहीच नसते. तो लाल रंग मेंदूचा नाही, संगणकाने आकड्यांना दिलेला आहे. खालच्या दोन पाट्याही चित्र पाहून कुणी ओळखलेल्या नाहीत. कोण व्यसनी आणि कोण नाही हे चित्र काढणाऱ्याला आधीपासून ठाऊक होते. कोणत्याही एका माणसाच्या मेंदूचा स्कॅन काढून ‘हा व्यसनी आहे’ असे निदान करण्याची सोय आजही वैद्यकाकडे नाही.

एवढे म्हटल्यावर ही सगळी चित्रे मोडीत काढावीत असे एखाद्याला वाटेल. ते चुकीचे होईल. गेल्या चाळीसेक वर्षांत मेंदूच्या प्रतिमांनी व्यसनाबद्दलचा एक जुना पेच बऱ्याच अंशी सोडवला आहे, फक्त तो पेच स्लाइडवर लिहिलेला नसतो. पेच असा की मजा संपल्यावरही ओढ का उरते? दारू सुटत नाही ती चैनीची सवय लागली म्हणून, असा आपला सर्वसाधारण समज. पण जुना पिणारा स्वतःच सांगतो की आता त्यात काही राम उरलेला नाही, पोटात कालवते, सकाळी हात थरथरतात, तरी राहवत नाही. गर्द ओढणारा तर सांगतो की टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, येऊ नये एवढ्यासाठीच तो ओढतो. पण टर्की उतरून महिने लोटलेला, खडखडीत बरा झालेला माणूस जुन्या नाक्यावरून जाताना पुन्हा का ओढला जातो, याचे उत्तर त्यातही नाही. सुख हे कारण धरले तर हा माणूस वेडा ठरतो, आणि कमकुवत मन हे कारण धरले तर त्याचे मन नेमके याच एका बाबतीत का कमकुवत आहे ते कळत नाही. पुढच्या पानांतले सारे विवेचन या पेचाभोवती फिरते. मेंदूची चित्रे व्यसनाचे मूळ कारण दाखवत नाहीत. सुख आणि ओढ या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या होतात, काळानुसार आणि भोवतालानुसार त्यांचे प्रमाण बदलते, हे ती दाखवतात, असे मी मानतो. आणि हे खरे असेल तर उपचार किती काळ चालावा आणि कुठे चालावा याबद्दलच्या आपल्या कल्पना बदलाव्या लागतील.

या संशोधनाचा बराच मोठा भाग एका ठिकाणी झाला आहे, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. तिथे नोरा वॉल्कोव या मानसोपचारतज्ज्ञ, जोआना फाउलर या रसायनशास्त्रज्ञ आणि जीन-जॅक वँग हे डॉक्टर यांनी कोकेन घेणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन वर्षानुवर्षे काढले. (वॉल्कोव या लिऑन ट्रॉट्स्कीच्या पणती. मेक्सिको सिटीतल्या ज्या घरात ट्रॉट्स्कीचा खून झाला त्याच घरात त्या वाढल्या. २००३ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या संचालक झाल्या.) पेट स्कॅन कसा निघतो हे थोडे तपशिलात पाहायला हवे, कारण चित्र कसे वाचायचे ते त्यावर ठरते. आधी सायक्लोट्रॉनमध्ये कार्बन-११ हा किरणोत्सारी कार्बन तयार करतात. दर २० मिनिटांनी तो निम्मा होतो, म्हणजे तासाभरात जेमतेम आठवा हिस्सा उरतो. तेवढ्या वेळात रसायनतज्ज्ञाने तो रॅक्लोप्राइड नावाच्या औषधाच्या रेणूत बसवायचा, शुद्ध करायचा, तपासायचा आणि शेजारच्या खोलीत स्कॅनरखाली पडलेल्या माणसाच्या शिरेत सोडायचा. रॅक्लोप्राइड मेंदूत जाऊन डोपामिनच्या जागा अडवते. चेतापेशींवर डोपामिन जिथे येऊन बसते त्या जागांना ग्राही म्हणतात, आणि इथे प्रश्न असतो त्यांतल्या डी-२ या प्रकारच्या ग्राहींचा. जागा रिकामी असेल तर रॅक्लोप्राइड तिथे बसते आणि स्कॅनरला तिथून किरण मिळतात. डोपामिनचा लोंढा आला असेल तर जागा आधीच भरलेल्या असतात आणि किरण कमी येतात. म्हणजे डोपामिन जितके जास्त उसळते तितके हे चित्र फिके पडते. मात्र कायमचा फिकेपणा ग्राहीच कमी असल्याचाही असू शकतो. म्हणून एकाच माणसाचे दोन स्कॅन, एक शांत असताना आणि एक काही दिल्यानंतर, असे जोडीने पाहावे लागतात. स्लाइडवरच्या एकेकट्या चित्रात हे काहीच दिसत नाही.

या पद्धतीने जे पहिले ठोस हाती लागले ते वेगाबद्दलचे. कोकेन डोपामिनला परत शोषून घेणारी वाहक प्रथिने अडवते, त्यामुळे डोपामिन चेतापेशींच्या फटीत साचून राहते. लहान मुलांना एडीएचडी या अवधानाच्या विकारासाठी रिटालिन या नावाने दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध तेच करते, त्याच प्रथिनांवर, जवळजवळ तितक्याच ताकदीने. मग एक जण कोकेनच्या पायी घरदार विकतो आणि दुसरा मुलगा रिटालिनची गोळी घेऊन गणिताचा गृहपाठ करतो, हे कसे? १९९७ मध्ये या गटाने दाखवले की नशा जाणवण्यासाठी कोकेनने निदान ४७ टक्के वाहक प्रथिने अडवावी लागतात. तोंडावाटे घेतलेल्या मेथिलफेनिडेटनेही निम्म्याहून अधिक प्रथिने अडतात, पण नशा येत नाही. फरक वेळेचा आहे. शिरेतून गेलेले कोकेन चार-सहा मिनिटांत मेंदूत शिगेला पोचते आणि वीसेक मिनिटांत निम्मे ओसरते. गोळीला शिगेला पोचायला तासभर लागतो. हेच मेथिलफेनिडेट शिरेतून दिले तर ते कोकेनइतक्याच वेगाने चढते आणि नशाही आणते, पण मेंदूतून हळूहळू निघते, त्यामुळे पुन्हा पुन्हा घेण्याची घाई होत नाही. म्हणजे पदार्थ चांगला की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. तो किती झपाट्याने चढतो आणि किती झपाट्याने उतरतो हेही विचारायला हवे. अफू खाणारा आणि गर्द ओढणारा, पानात तंबाखू चघळणारा आणि सिगारेट ओढणारा यांच्यातला फरक जुन्या माणसांना अनुभवाने ठाऊक होता. त्याचा मेंदूतला हिशोब इथे मिळाला.

त्याच वर्षी आलेला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा होता. कोकेन सोडून तीन ते सहा आठवडे झालेल्या वीस जणांना आणि कधीच व्यसन नसलेल्या तेवीस जणांना शिरेतून मेथिलफेनिडेट दिले आणि रॅक्लोप्राइडने पाहिले. व्यसनींच्या स्ट्रायटममध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या ज्या भागात डोपामिनची मुख्य उलाढाल होते तिथे, डोपामिनची उसळी दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होती. नशा कमी जाणवल्याचेही त्यांनी सांगितले. तलफ मात्र उठली. सामान्य समज उलटा असतो: व्यसनीला नशेत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सुख मिळत असणार, म्हणून तर तो तिथे अडकतो. चित्र सांगते की त्याला आपल्यापेक्षा कमी मिळते. मग ओढ कुठून येते? २००६ मध्ये याच गटाने कोकेनच्या आहारी गेलेल्या अठरा जणांना स्कॅनरखाली झोपवून दोन व्हिडिओ दाखवले. एकात निसर्गदृश्ये, दुसऱ्यात कोकेन विकत घेण्याची, तयार करण्याची आणि ओढण्याची दृश्ये. पदार्थाचा कणही शरीरात गेलेला नव्हता. तरी दुसऱ्या व्हिडिओच्या वेळी स्ट्रायटमच्या वरच्या भागात, जिथे सवयी बसतात तिथे, डोपामिन वाढले. आणि ज्याच्या मेंदूत ते जास्त वाढले त्याने तलफही जास्त असल्याचे सांगितले. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन १९९३ पासून प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे हेच म्हणत होते की हवे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, व्यसन पहिलीला चढवते आणि दुसरीला तसेच सोडते. माणसाच्या मेंदूत त्याचा पुरावा असा मिळाला. नाक्यावरून जाणारा बरा झालेला माणूस आता वेडा ठरत नाही. त्याचा मेंदू पदार्थाला नव्हे, नाक्याला उत्तर देत असतो.

ओढ वाढली तरी माणूस स्वतःला आवरतो, निदान आवरायला हवे, असे कुणी म्हणेल. आवरण्याचे काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असते. ज्या कोकेनग्रस्तांमध्ये डी-२ ग्राही कमी होते त्यांच्यात याच पुढच्या भागाची कामकाजातली ऊर्जाही कमी खर्च होत होती, हे १९९३ सालीच दिसले होते. म्हणजे घोडा चौखूर सुटला आणि लगामही सैल झाला, असे दोन्ही एकदम. यावर फार लिहिण्याची गरज नाही, कारण लोकप्रिय पुस्तकांनी हा भाग पुरेसा गिरवला आहे. इन्सुला या भागाचा दाखला मात्र कमी सांगितला जातो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पक्षाघाताने किंवा अन्य कारणाने मेंदूला इजा झालेले धूम्रपान करणारे तपासले. ज्यांचा इन्सुला दुखावला होता त्यांच्यातल्या काहींची सिगारेट अक्षरशः एका दिवसात, विनासायास सुटली होती, आणि पुन्हा ओढावीशीही वाटली नव्हती. इन्सुला शरीराच्या आतल्या जाणिवा, पोटातला गोळा, छातीतली धडधड, यांचे भान ठेवतो. तलफ ही निव्वळ कल्पना नाही, ती अंगात जाणवणारी गोष्ट आहे, हे एरवी व्यसनी सांगतात तेव्हा आपण ते बहाणा म्हणून सोडून देतो.

आता पहिला मोठा आक्षेप. हे सारे खरे मानले तरी मेंदूतला बदल आधी की व्यसन आधी? व्यसन लागल्यानंतर काढलेल्या स्कॅनवरून ते कळणार नाही. आळंदीहून निघालेल्या दिंडीचा वाटेतला एक फोटो पाहून ती कुठून निघाली आणि पंढरीला कधी टेकणार हे सांगता येत नाही, तसेच हे. आक्षेप बिनतोड आहे आणि बरीच वर्षे त्याकडे काणाडोळा झाला. त्याचे सर्वांत चोख उत्तर केंब्रिजच्या कॅरन अर्श आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिले. त्यांनी भावंडांच्या पन्नास जोड्या घेतल्या; प्रत्येक जोडीत एक जण उत्तेजक पदार्थांच्या आहारी गेलेला, दुसरा कधीच व्यसन नसलेला. तुलनेसाठी पन्नास असंबंधित निरोगी माणसे. सगळ्यांना एक साधी चाचणी दिली: पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचे, पण मध्येच थांबण्याची खूण आली तर उचललेला हात आवरायचा. व्यसनी भावंडांना हात आवरणे जड गेले, यात नवल नाही. नवल असे की त्यांच्या निर्व्यसनी भावाबहिणींनाही ते तितकेच जड गेले, आणि दोघांच्याही मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्या एकसारख्याच विस्कळीत होत्या. म्हणजे फरकाचा काही भाग घराण्यातूनच आलेला होता, पदार्थाने केलेला नव्हता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी मद्यपाशग्रस्त बापांच्या, स्वतः अजून दारूला न शिवलेल्या मुलांचे मेंदू तपासले, तेव्हा तिथेही काही भागांचे आकारमान कमी आढळले होते. आणि २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासातून आलेला निष्कर्ष तर स्लाइडवाल्यांना चक्रावणारा आहे: पंधराव्या वर्षाआधी नशेची चव घेतलेल्या मुलांच्या मेंदूत जे फरक दिसले त्यांतले बरेच त्यांनी काहीही घेण्यापूर्वीच होते, आणि त्यांचा एकूण मेंदू इतरांपेक्षा लहान नव्हता, किंचित मोठा होता.

यावरून ‘रक्तातच आहे’ असे म्हणून कुणी मोकळा होऊ पाहील, तर केंब्रिजच्या त्याच अभ्यासाकडे पुन्हा पाहावे. तसाच मेंदू घेऊन, बहुधा एकाच घरात वाढून, पन्नास भावंडे निर्व्यसनी राहिली. त्यांना कशाने सावरले? तो प्रश्न स्कॅनरने उभा केला, पण त्याचे उत्तर स्कॅनरमध्ये नाही. भोवताल मेंदूत कसा उतरतो याचा सर्वांत लखलखीत पुरावा माकडांकडून आला आहे, आणि मला तो या सगळ्या संशोधनातला सर्वांत मोलाचा वाटतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात मायकेल नेडर आणि सहकाऱ्यांनी वीस नर माकडे आधी दीडेक वर्ष एकेकटी ठेवली आणि त्यांचे पेट स्कॅन काढले. डी-२ ग्राहींमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. मग चार-चारांचे कळप केले. माकडांच्या कळपात वरचढ कोण आणि दबलेला कोण हे पटकन ठरते. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढले, तर वरचढ झालेल्या माकडांच्या मेंदूत डी-२ ग्राहींची उपलब्धता वाढलेली होती, दबलेल्यांत ती वाढली नव्हती. नंतर सगळ्यांना हवे तेव्हा कळ दाबून कोकेन घेण्याची मुभा दिली. दबलेल्यांनी ते भरपूर घेतले. वरचढांना त्याची तितकी मोहिनी पडली नाही. जन्मतः कुणाचा मेंदू कमी होता म्हणून तो खाली ढकलला गेला, असे इथे झाले नाही. खाली ढकलला गेल्यानंतर, किंवा वर चढल्यानंतर, मेंदूंत फरक पडला. ज्या स्लाइडवर ‘निरोगी’ आणि ‘व्यसनी’ लिहिलेले असते तिच्यावर ‘मान मिळालेला’ आणि ‘मान न मिळालेला’ असेही लिहिता आले असते. माकडांवरून माणसांवर उडी मारताना सावध राहायला हवे हे खरे; पण बेकारी, अपमान आणि कोंडलेपण यांच्या भोवऱ्यात व्यसन फोफावते हे समाजशास्त्रज्ञ सांगत होते आणि मेंदूवाले त्याला ढोबळ म्हणत होते, त्या वादात इथे मेंदूवाल्यांच्याच यंत्राने समाजशास्त्रज्ञांच्या बाजूने साक्ष दिली आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. १९९७ मध्ये अ‍ॅलन लेशनर यांनी व्यसन हा मेंदूचा आजार असल्याची ठाम मांडणी केली आणि अमेरिकेचे अधिकृत धोरण तिच्यामागे उभे राहिले. त्यावर जीन हेमन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ विचारतात, आजार असेल तर माणसे आपणहून बरी कशी होतात? व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक हा त्यांचा हुकमी एक्का. ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांची पाहणी केली, तेव्हा जवळपास पाचातला एक जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. मायदेशी आल्यावर वर्षभरात त्यांतले सुमारे पाच टक्केच पुन्हा अडकले. आपल्याकडे एवढ्या लांब जायला नको. वारीला जाऊन माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पट्टीचे पिणारेही गटारी साजरी करून श्रावणभर कोरडे राहतात. मनावर घेतले तर सुटते, हेच यातून सिद्ध होत नाही का? मला वाटते, इथे थांबणे आणि थांबलेले राहणे यांची गल्लत होते. श्रावण पाळणाऱ्याला ठाऊक असते की महिन्याने पुन्हा सुरू करायचे आहे, आणि त्या महिन्यात घरचे, मित्र, गुत्तासुद्धा त्याच्या बाजूने असतो. जो खरोखर अडकला आहे त्याला तोही महिना काढता येत नाही. सैनिकांनी व्यसन सोडले ते सायगावच्या गल्ल्या, स्वस्त हेरॉइन आणि युद्ध या सगळ्यांसह. एकही जुनी खूण त्यांच्यासोबत ओहायोत आली नाही. व्हिडिओच्या प्रयोगाचाच हा उलटा भाग आहे. आणि माळ घालणारा नुसता निश्चय करत नाही. त्याची संगत बदलते, संध्याकाळ भजनात जाते, ताटातले बदलते, गावात त्याला लोक ‘महाराज’ म्हणू लागतात. माकडांचा प्रयोग लक्षात असेल तर या शेवटच्या गोष्टीला कमी लेखता येणार नाही. निवड करण्याची शक्ती व्यसनीकडे असते, हे हेमन यांचे म्हणणे मला मान्य आहे. व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी लघवीची तपासणी स्वच्छ निघाली की वस्तू घेण्याची कुपने देऊन कोकेन सोडवून दाखवले तेही त्यामुळेच. पण ती शक्ती सदासर्वकाळ सारखी नसते, आणि ती कधी कमी पडते याचा अंदाज या चित्रांनी दिला. आजार म्हणावे की निवड हा वाद मला यापुढे तितका फलदायी वाटत नाही.

तिसरा आक्षेप चित्रांच्याच विश्वासार्हतेचा, आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय या मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि नेहमीची ढिली गणिते वापरली, तर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. गणित काटेकोर केल्यावर ती नाहीशी झाली. हजारो ठिकाणी एकदम मोजमाप केले की कुठेतरी योगायोगाने ठिपका उमटणारच. शिवाय या अभ्यासांतली माणसे थोडी, निष्कर्ष सरासरीचे, आणि तेही सर्व पदार्थांना सारखे लागू नाहीत. कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन आणि दारू यांबाबत डोपामिनचा पुरावा भक्कम आहे, पण हेरॉइन आणि गांजा यांबाबत तो तसा सापडत नाही, हे डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये साऱ्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले. ‘डोपामिन म्हणजे व्यसन’ असे मोबाइलपासून मिठाईपर्यंत सर्वत्र लावले जाणारे सूत्र म्हणूनच फेकून द्यावे. मेंदूची यंत्रे पाहून आपण किती चटकन मान तुकवतो याचे उदाहरण तर पुण्यातच आहे. २००८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा निष्कर्ष आरोपीविरुद्ध ग्राह्य मानला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या माणसाच्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले. ती चाचणी पेट स्कॅन नव्हती, पण भुरळ तीच होती. उद्या एखादा मालक नोकरी देताना किंवा विमा कंपनी हप्ता ठरवताना मेंदूचा स्कॅन मागू लागली, तर आपला कायदा तिला कशाच्या आधारे अडवणार, याचा विचार आत्ताच सुरू व्हायला हवा.

एवढे सारे वजा केल्यावर जे उरते ते उपचाराच्या दृष्टीने थोडके नाही. २००१ मध्ये ब्रुकहेवनच्या गटाने मेथअ‍ॅम्फेटामाइन सोडलेल्या पाच जणांचे दोनदा स्कॅन काढले, एकदा सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणि मग बारा ते सतरा महिन्यांनी. पाच ही संख्या अगदीच लहान, पण दिशा स्पष्ट होती: डोपामिनची वाहक प्रथिने बरीच भरून आली होती, स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र त्या मानाने सुधारणा नव्हती. मेंदू भरून येतो, पण महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशोबाने, आणि सगळा एका चालीने नाही. आपल्याकडच्या निवासी उपचाराचा काळ बहुधा महिना-दीड महिन्याचा असतो. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले तेव्हापासून या क्षेत्रातले लोक सांगत आले आहेत की केंद्रातून घरी जाणे ही सुरुवात आहे आणि पुढचा पाठपुरावा हाच खरा उपचार. बाहेर पडल्यावर चौथ्या महिन्यात कुणाची स्लिप झाली की घरचे म्हणतात, पैसे वाया गेले. चौथ्या महिन्यात मेंदू अजून अर्ध्या वाटेवरच असतो. औषधांच्या मात्रेबाबतही स्कॅनचा थेट उपयोग झाला आहे. हेरॉइनच्या व्यसनावर दिले जाणारे ब्युप्रेनॉर्फिन दोन मिलिग्रॅम दिले तर अफूच्या ग्राहींपैकी निम्म्याहून कमी व्यापले जातात, सोळा मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के. रुग्ण कमी मात्रेवर तगमगत असेल तर तो नाटक करत नाही, त्याचे ग्राही रिकामे आहेत, हे त्यामुळे सांगता येते. नशेच्या बदल्यात नशाच दिली जाते असे म्हणून कमी मात्रेवर अडून बसणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

भारतात मात्र प्रश्न मात्रेपर्यंत पोचतच नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांतल्या ५.७ कोटींहून अधिक जणांना तिचा त्रास किंवा तिची लत आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला होता. कायद्याची अवस्था अशी की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून आलेल्या अवस्थांना मानसिक आजारात धरतो आणि १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद ठेवतो. त्याच कायद्यात आपणहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देणारे कलमही आहे, पण त्याचा आधार घ्यायला आधी उपचाराची जागा हाताशी लागते. ज्या तुरुंगात दबलेपणच वाट्याला येते आणि बाहेर आल्यावर तोच नाका असतो, तिथे पाठवून ओढ कमी कशी होईल, हे आतापर्यंतचा एकही स्कॅन सांगत नाही.

आधी मेंदू की आधी व्यसन या प्रश्नाचे भारतीय उत्तर मिळवण्याचे काम आता सुरू आहे. निम्हान्सच्या पुढाकाराने भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी सहा ते तेवीस वर्षांची सुमारे दहा हजार मुले आणि तरुण यांच्यासाठी सी-वेदा हा अभ्यास उभारला आहे. इंफाळपासून म्हैसूरपर्यंत सात ठिकाणी तो चालतो. त्यातल्या काहींचे एमआरआय काढले जातात. बाकी मोजमापांत रक्त, शाळा, घरातली मारहाण, उपासमार, हवेतले प्रदूषण, सगळे येते. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात २०१६ ते २०१८ दरम्यान नऊ-दहा वर्षांची सुमारे बारा हजार मुले नोंदली गेली होती आणि त्यांचे उपयोगी निष्कर्ष आत्ता कुठे यायला लागले आहेत. आपल्याकडच्या मुलांपैकी कुणी उद्या पहिला घोट घेईल तेव्हा त्याच्या त्याआधीच्या मेंदूचे चित्र आणि त्याच्या घराची नोंद, दोन्ही एकाच फाइलमध्ये असतील.